दाराचं माप विचारणाऱ्या यमुनाताई

यमुनाताईंची आणि माझी पहिली भेट जव्हारच्या त्यांच्या फर्निचरच्या दुकानात झाली आणि ती माझ्या मते फार वाईट गेली. मी जव्हारजवळच्या साखरशेतची. नाशिकला शिकून मोबाइल अ‍ॅपचं डिझाइन करायला लागले होते. जव्हार-मोखाड्याच्या लोकांना घरबसल्या पलंग-कपाट घेता यावं, म्हणून ताईंनी मला बोलावलं होतं. पंधरा दिवस खपून केलेलं काम मी त्यांच्यापुढे ठेवलं. बोटाने फिरवलं की कपाट चारी बाजूंनी दिसत होतं, हवा तसा रंग बदलत होता. ताईंनी चष्मा लावून सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "कपाट छान दिसतंय. गिऱ्हाइकाचं दार कुठं दिसतंय?" मी मुळात घाबरट. काम हातचं गेलं असं धरूनच मी घरी आले.

काम गेलं नाही, पण शिकवणी सुरू झाली. ताईंनी मला आठवडाभर दुकानात नुसतं बसवून ठेवलं. गिऱ्हाईक आलं की वस्तू दाखवण्याआधी ताई त्याच्या घराच्या दाराची रुंदी विचारतात. मग गाडी कुठपर्यंत जाते ते, आणि तिथून पुढे उचलून न्यायला माणसं आहेत का ते. पाड्यांवरच्या घरांची दारं बुटकी नि अरुंद, आतली जमीन सारवलेली, कुठे उंच तर कुठे खोल. दुकानात ऐटबाज दिसणारा पलंग तिथे जाऊन डुगडुगतो, हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं आहे. माणसं पलंगावर बसून पाहतात, कपाटाचं दार दहा वेळा उघडतात, लाकडाला नाक लावतात. हे सगळं मोबाइलच्या वीतभर काचेत कसं आणायचं, या चिंतेने माझं जेवण कमी झालं होतं.

ताईंच्या सचोटीचा एक प्रसंग सांगते. एका टेबलाच्या फळीवर लाकडाची काळी गाठ होती. फोटो सुंदर दिसावा म्हणून मी ती पुसून टाकली. ताईंनी ती परत आणायला लावली आणि खाली स्पष्ट लिहायला लावलं. घरी गेल्यावर गाठ दिसणारच आहे, तर आधी आपणच दाखवू, असं त्यांचं म्हणणं. पलंगाची उंची लोकांना नीट कळावी म्हणून त्या स्वतः त्यावर बसल्या आणि फोटो काढू दिला. त्यांना फोटोची अजिबात हौस नाही. त्यामुळे आमच्या अ‍ॅपवरच्या पहिल्या पलंगावर, दात उपटून घ्यायला बसल्यासारखा चेहरा करून, खुद्द मालकीणबाई बसलेल्या आहेत.

आता एक कबुली. दाराच्या मापाचा प्रश्न मी अ‍ॅपमध्ये घातला, पण एवढं विचारत बसलो तर माणसं कंटाळून निघून जातील, ही भीती मला खात होती. म्हणून ताईंना न सांगता मी त्याखाली 'नंतर सांगतो' असं एक बटण ठेवलं.

आमच्याकडच्या वांगणी गावच्या जनीबाई आणि त्यांचे यजमान ठाण्याकडे बांधकामावर होते. तिथूनच त्यांनी मोबाइलवर कुलपाचं कपाट मागवलं. त्यांचं घर महिनोन्‌महिने बंद असतं. मुलीचे शाळेचे कागद गोणीत ठेवलेले, त्यातले काही उंदरांनी कुरतडले होते. उरलेले तरी नीट राहावेत, एवढ्यासाठी हे कपाट. दोघं चार दिवस गावी येणार होते, तेवढ्यात ते पोचायला हवं होतं. गावाकडच्या दाराची रुंदी बांधकामावर बसून कोणाला आठवणार? त्यांनी 'नंतर सांगतो' दाबलं. पुढे मीही विचारलं नाही, आणि ताईंनी माप आलंच असेल असं धरलं.

फोनवरून गेलेलं ते आमचं पहिलं कपाट, म्हणून ताई स्वतः निघाल्या. बरोबर मी आणि दुकानाचे सुतार भिकूदादा. गाडीचा रस्ता बराच आधी संपला. जनीबाई घ्यायला खाली आल्या होत्या; पुढे चार माणसांनी कपाट खांद्यावरून चढणीने नेलं. दारात मात्र ते अडलं. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायकोला कामावर परत निघायचं होतं.

"उद्या आमी जानार," जनीबाई हळूच म्हणाल्या. "कागद परत गोनीतच ठेवायचे का?"

ताईंच्या कानाशी लागून मी त्या बटणाचं सांगून टाकलं. माप तुम्हीच दिलं नाही, असं ताई म्हणू शकल्या असत्या आणि ते खोटंही नव्हतं. ताई म्हणाल्या, "माप विचारून घेणं आमचं काम होतं. आम्ही ते केलं नाही." 'आम्ही' म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

भिकूदादांनी अंगणातच कपाट खोलायला घेतलं. सांधे सरसाने पक्के बसवलेले होते. प्रत्येक ठोक्याला फळी चिरते की काय, या भीतीने मी पाठ फिरवून उभी राहिले. दिवस मावळायच्या आत ते घरात पुन्हा उभं राहिलं, आणि डुगडुगणाऱ्या पायाखाली ताईंनी स्वतःच्या हाताने पाचर बसवली. जनीबाईंनी कागद आत ठेवले, किल्ली फिरवली आणि दार तीनदा ओढून पाहिलं. परतीच्या वाटेवर मी बोलणी खायची वाट पाहत होते. जव्हारला उतरताना ताई एवढंच म्हणाल्या, "ते बटण उद्या काढ."

ते काढलं. आता मापाशिवाय मागणी पुढे जात नाही. दोरीने दार कसं मोजायचं याचं चित्र आहे. बाहेरगावी असलेल्याला तोच प्रश्न घरच्या शेजाऱ्याकडे पाठवता येतो. खोडाळ्याच्या एका आजींनी तर मापाऐवजी दाराला टेकून स्वतःचाच फोटो पाठवला. काही जण तरीही अर्ध्यातून निघून जातात आणि दर वेळी मी तो आकडा ताईंना नेऊन दाखवते. ताईंच्या कपाळावर आठी दिसत नाही.

मागच्या महिन्यात जनीबाईंचा फोन आला. कुलूप बिघडलं असणार किंवा फळी निघाली असणार, असं म्हणतच मी तो घेतला. कपाट चांगलं होतं.

"ताई बऱ्या हायेत ना?" त्यांनी विचारलं. "त्या दिशी चढावर धाप लागत होती त्यांना. छातीला हात लावून बसल्या, पन कोनाला सांगलं नाय."

त्या चढावर मी सगळा वेळ ताईंच्या मागेच चालत होते. माझे डोळे कपाटावर होते. जगातल्या सगळ्या गोष्टींची काळजी मी केली, ही एक सोडून. ताईंना विचारलं तर त्या हसल्या, वय झालं म्हणाल्या आणि मोखाड्याच्या एका पलंगाबद्दल बोलायला लागल्या. तेव्हापासून त्या जिना चढताना मी खाली उभी राहून पावलं ऐकते.

म्हणून ताई, हे मुद्दाम तुमच्या साठाव्या वाढदिवसाच्या गौरवग्रंथात लिहिते आहे. ग्रंथाच्या प्रकाशनानंतरच्या सोमवारी नाशिकच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गाडी सांगून ठेवली आहे, दुकान भिकूदादा पाहणार आहेत. इतक्या लोकांसमोर छापून आल्यावर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, हा या लेखाचा खरा हेतू. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि सोमवारी सकाळी सातला तयार राहा.