नकार फोनवर कळवणाऱ्या सरोजाअक्का

सरोजाअक्का नकार फोन करून कळवत. बेंगळुरातल्या चिकपेटेत साड्यांच्या एका दुकानावरच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. बोम्मसंद्र्यातल्या कारखान्यांच्या पंपांची, मिक्सरांची माहितीपुस्तकं आम्ही मराठी, कन्नड, हिंदीत लिहून देतो. लेखकाच्या एका जागेसाठी ढीगभर अर्ज येत. निवड झाली नाही की बाकीची ऑफिसं गप्प बसतात. अक्का मात्र जेवणाचा डबा धुऊन आल्या की फोन जवळ ओढत आणि एकेकाला सांगत, की नोकरी मिळाली नाही आणि का मिळाली नाही.

माझी त्यांची ओळख अशाच फोनवर झाली. निपाणीहून येऊन मला पाच महिने झाले होते. नोकरी शोधायला बाबांनी दिलेली मुदत महिनाअखेरीला संपणार होती. नंतर परत गाव आणि काकांचं दुकान. त्या भीतीनं मी दिवसाला दहा-दहा अर्ज पाठवत सुटले होते. फोनवरचा खणखणीत आवाज म्हणाला, "पत्र चांगलं आहे तुमचं. पण ते दुसऱ्याच कंपनीला लिहिलंय. त्यांच्याकडं पाठवून देऊ काय?"

मी नाव बदलायला विसरले होते. मी घाईघाईनं माफी मागितली. तेव्हा त्याच म्हणाल्या, उद्या या, स्वल्प बोलू.

गेले. ठेंगणी, चष्मा कपाळावर चढवलेली बाई. चार पिढ्या बेंगळुरात गेलेलं मराठी घर, त्यामुळं बोलताना मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपे. त्यांनी माझा अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला. 'मी मेहनती, प्रामाणिक व कल्पक आहे' इथं थांबल्या. "हे तुझ्याबद्दल दुसऱ्यानं सांगायचं. तू लिहिलंयस काय, ते दाखव." नमुना म्हणून मी कॉलेजातल्या कविता जोडल्या होत्या. त्या त्यांनी शेवटपर्यंत वाचल्या, बऱ्या आहेत म्हणाल्या, आणि पंप बसवणाऱ्याला त्यांचा काय उपयोग, असं विचारलं.

मग टेबलावर मिक्सरचं भांडं ठेवून, झाकण कसं काढायचं ते सहा ओळींत लिही म्हणाल्या. मी लिहिलं. अक्कांनी कागदाबरहुकूम एकेक गोष्ट केली आणि झाकण जागचं हललं नाही. डावीकडं फिरवायचं, हेच मी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला झाकण हातात आलं. "सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या, "सोमवारी ये."

पुढं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी असे कितीतरी फोन ऐकले. दोन पानं मागितली असताना चाळीस पाठवणाऱ्याला त्या म्हणत, "जाहिरात पुरती न वाचणारा गिऱ्हाइकाचं काय वाचणार?" पुण्याचा एकजण फोनवर चांगलाच भांडला. आठवड्यानं त्याचाच फोन आला. अक्कांनी दाखवलेल्या चुका सुधारून त्याला यशवंतपुरात नोकरी लागली होती. त्या दिवशी अक्कांनी सगळ्यांना कॉफी पाजली.

गेल्या वर्षी मालकांनी माणसं कमी केली, त्यात अक्कांची नोकरी गेली. वय छप्पन्न. तीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचा अर्ज लिहायची पाळी आली. दोन दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं आणि तीन पानं हातात ठेवली. 'अत्यंत जबाबदार', 'सतत शिकण्याची आवड', सगळं होतं. शिक्षण मात्र कुठंच नव्हतं. मी विचारलं, तर त्यांनी पानं परत ओढून घेतली.

"पीयूसी नापास आहे मी," त्या म्हणाल्या. म्हणजे बारावी. वडील आजारी पडले म्हणून त्या टायपिंगला लागल्या आणि टाइप करता करता लिहू लागल्या. कुणी कधी विचारलंच नाही. "लोकांना सांगत आले, खरं ते सरळ लिहा. माझ्यावर आलं तर हात उठत नाही बघ."

मी म्हटलं, अक्का, तीन पानं तुम्ही त्या एका ओळीवर पांघरूण घालायला लिहिलीत. त्यांना राग आला. आत गेल्या, बऱ्याच वेळानं कॉफी घेऊन बाहेर आल्या आणि कोऱ्या कागदावर स्वतःच लिहिलं: 'मी पीयूसी नापास आहे. तीस वर्षं माहितीपुस्तकं लिहिते आहे. त्यांतली तीन सोबत जोडली आहेत.'

रक्तदाब मोजायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं त्यांना बोलावलं. समोर माझ्याच वयाची मुलगी होती. कुठल्या विषयात नापास झालात, एवढंच तिनं त्याबद्दल विचारलं. अक्कांनी सांगितलं, इंग्रजीत. निबंधच लिहीत बसले, बाकीचा पेपर राहून गेला. मुलगी इतकी हसली, की मुलाखत तिथंच संपल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी नोकरीचं पत्र आलं.

कामाच्या पहिल्या सकाळी मी त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला गेले. नवी साडी, नवी पर्स. सगळं घेतलंत ना, म्हणून विचारलं, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"भीती वाटतेय गं," त्या म्हणाल्या.

मग हात सोडला, पदर नीट केला आणि आत जाणाऱ्या पोरापोरींच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.