आबा नदीपलीकडे कसे गेले

मी जळगावात माती परीक्षणाच्या एका प्रयोगशाळेत काम करते. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी पिशवीत माती घेऊन आले होते. म्हणे, आमच्या वावरात काहीतरी बाहेरचं आहे, एका कोपऱ्यात पीकच उभं राहत नाही. माती तपासली तर क्षार बेसुमार! जिप्सम टाकायला सांगितलं, पुढच्या हंगामात त्याच कोपऱ्यात हरभरा आला. कुठेही भुताखेताचा विषय निघाला की मी हा किस्सा सांगायचे. लोक हसायचे, मीही हसायचे.

आता नाही सांगत. का, तेच लिहायला बसलेय.

माझे वडील — आम्ही त्यांना आबा म्हणतो — पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. म्हणजे कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं, कधी बंद करायचं, हे बघणारा माणूस. सगळी नोकरी गिरणेच्या काठावर गेली. आता वय अठ्ठ्याहत्तर, आणि गेली तीन वर्षं विसरण्याचा आजार. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. दीड वर्षापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. मला ते 'ओ बाई' म्हणायचे. नर्स वगैरे समजत असावेत.

डॉक्टर म्हणाले होते, जमलं तर जुन्या जागा दाखवा, कधीकधी बरं वाटतं. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही त्यांना नदीकाठच्या एका बागेत नेलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ प्रमोद. त्याचं धुळ्याला हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान आहे. तो पारोळ्याकडून आला, मी जळगावहून आबांना घेऊन गेले.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही, पण जागा नीट सांगते. गिरणेच्या अगदी काठावर कुणा जहागीरदाराने लावलेली जुनी बाग आहे. तिन्ही बाजूंनी काळ्या दगडाची पुरुषभर उंच भिंत, चौथ्या बाजूला नदी. मध्ये कोरडा हौद. चिंचा, बकुळी, आणि पूर्वेच्या भिंतीलगत आमराई. नदीकडे उतरायला दगडी पायऱ्या. आत यायला-जायला एकच फाटक. तिथे एक म्हातारे माळी बसतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. आबांची चौकी पूर्वी याच बागेला लागून होती.

त्या दिवशी सकाळी चांगलीच थंडी होती, पण अकरानंतर ऊन चावायला लागलं. आंब्यांना मोहोर आलेला, त्याच्या वासाने माझं डोकं जड झालं होतं. आदल्या दिवशी धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सोडलेलं, त्यामुळे एरवी वाळूच वाळू असलेली गिरणा काठोकाठ वाहत होती. ते पाणी बघून आबा उभे राहिले. काठी टेकून बराच वेळ बघत होते.

चिंचेखाली बसून आम्ही घरून आणलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. आबाही बऱ्यापैकी जेवले. मग त्यांना हौदाच्या कट्ट्यावर बसवलं. प्रमोद त्यांची औषधं आणायला गाडीकडे गेला, मी डबे विसळायला फाटकाजवळच्या हापशावर गेले. मोबाइलमध्ये बघितलं होतं, एक वाजून दहा मिनिटं. चार मिनिटं लागली असतील, फार तर पाच.

परत आले तर कट्ट्यावर आबा नव्हते. काठी होती.

ते काठीशिवाय दहा पावलंही चालू शकत नाहीत. आधी वाटलं, प्रमोदने उठवून नेलं असेल. तेवढ्यात तो समोरून औषधाची पिशवी घेऊन आला... एकटाच. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही एकदमच नदीकडे बघितलं.

पुढची चाळीस मिनिटं मला सलग आठवत नाहीत. प्रमोद पायऱ्यांवरून खाली पळाला. मी फाटकाकडे पळाले. नाना तिथेच होते. मी विचारायच्या आधीच माझा चेहरा बघून ते उठून उभे राहिले.

"बाई, सकायपाईन मी आठेच बठेल शे," ते म्हणाले. "तुमना भाऊ सोडीसन आठीन कोन्ही भाईर गयं नही."

फाटकातून नाही, भिंत चढून जाणं शक्य नाही, म्हणजे उरली नदी. तरी मी आमराईत गेले. का गेले? पाण्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून गेले, हे आज कबूल करते. भिंतीच्या कडेकडेने, झुडपांत हात घालून शोधत राहिले. आबा, आबा म्हणून ओरडत होते. मनात मात्र एकच चाललं होतं — हापशावर डबे विसळायची काय गरज होती? घरी जाऊन घासले असते. पाण्याच्या खळखळाटातून प्रमोदचा आवाज येत होता, तोही आबांना हाका मारत होता. मध्येच तो आवाज बंद झाला. तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले. किती वेळ बसले, माहीत नाही.

एक पन्नासला प्रमोदचा फोन वाजला. आबांच्या सदऱ्याच्या खिशात आम्ही दोघांचे नंबर लिहिलेलं कार्ड ठेवतो. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं, यूसुफभाई. नदीच्या वाळूत त्यांची टरबुजांची वाडी होती. म्हणाले, तुमचे वडील माझ्या झोपडीजवळ बसलेत, सुखरूप आहेत, येऊन घेऊन जा.

प्रमोदने विचारलं, वाडी कुठे? ते म्हणाले, बागेच्या समोर. पलीकडच्या काठावर.

मी फाटकाशी आले तेव्हा प्रमोद उभा होता, छातीपर्यंत भिजलेला. शोधताना तो फोन पायरीवर ठेवून पाण्यात उतरला होता, पण ओढ इतकी की दहा-बारा फुटांवरून त्याला मागे फिरावं लागलं. चाळीशीतला धडधाकट माणूस. आणि आबा पलीकडे पोहोचले होते.

पूल सात किलोमीटरवर आहे. वळसा घालून, कच्च्या रस्त्याने जाताना आम्ही एवढंच ठरवलं की कोणाची तरी होडी असणार. मासे धरणारे असतील, त्यांनी नेलं असणार.

आबा झोपडीच्या सावलीत पोत्यावर बसले होते. धोतर कोरडं, सदरा कोरडा, पायांत वहाणा आणि वहाणांवर पांढरी कोरडी धूळ. मी धावत गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं आरपार नाही, माझ्याकडे बघितलं.

"शोभी," ते म्हणाले, "इतला येळ कोठे गयथी तू?"

दीड वर्षांनी. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तेवढा एक क्षण चांगला गेला. खोटं कशाला बोलू, त्या दिवसातला तेवढाच.

कारण मी डोळे पुसून उठले तेव्हा यूसुफभाई माझ्याकडे रागाने बघत होते. साठीचे, शांत वाटणारे गृहस्थ. प्रमोद त्यांचे आभार मानत होता, त्याला थांबवून ते मला म्हणाले, "बाई, इतक्या म्हाताऱ्या माणसाला असं टाकून जातात का?"

मला कळेचना. त्यांचं म्हणणं असं, की मीच आबांचा हात धरून नदीकडून वर आले. मीच त्यांना पोत्यावर बसवलं. प्यायला पाणी आहे का, असं यूसुफभाईंना विचारलं, त्यांनी तांब्या दिला, तो आबांच्या तोंडाला लावला. मग 'आलेच' म्हणून परत नदीकडे गेले ती आलेच नाही. दहा-पंधरा मिनिटं वाट बघून शेवटी त्यांनी आबांच्या खिशातलं कार्ड काढून फोन लावला. हाच हिरवा ड्रेस, हीच पिवळी ओढणी, डोक्यावरून घेतलेली. तांब्या हातात दिलाय मी तुमच्या, म्हणाले, दोन हातांच्या अंतरावरून माणूस ओळखू येत नाही का?

होडीबद्दल प्रमोदने विचारलं, तर या टापूत होडीच नाही म्हणाले. आणि एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. नदीतून पाणी उचलायला त्यांचं डिझेल इंजिन चालू होतं. भर प्रवाहात पाइप टाकलेला, तरी दीडच्या आसपास इंजिनाने पाणी ओढणं सोडलं. पाइपातून नुसती हवा येत होती. दहा मिनिटांनी आपोआप पाणी परत सुरू झालं. ते इंजिनाशीच वाकलेले होते, म्हणून नदीकडे बघितलं नाही. मान वर केली तेव्हा आम्ही — म्हणजे आबा आणि 'मी' — वाळूतून वर येत होतो.

मी आबांपुढे बसले आणि विचारलं, "आबा, तुम्हाला इकडे कोणी आणलं?"

मी वेड्यासारखं काहीतरी विचारतेय, असा त्यांचा चेहरा झाला. "तूच तं लई उनी. तू मन्हा हात धरा, पानी थांबनं, मंग आपन उनूत." म्हणजे मीच आणलं, मी हात धरला, पाणी थांबलं आणि मग आम्ही आलो.

परत येताना गाडीत ते खुशीत होते. चौकीच्या, पाण्याच्या पाळ्यांच्या गोष्टी सांगत होते, नावांसकट. जळगाव जवळ आलं तसे गप्प होत गेले. गल्लीत वळताना माझ्या हातावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "ध्यान ठेव. तूच म्हननी ना, पुढला पानीले लेवाले येसू."

पुढचं आवर्तन सुटलं की न्यायला येईन. असं मी म्हणाले होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा दिला तर परत 'ओ बाई'.

मी याचा खूप विचार केलाय. आबांचं बोलणं आजारातलं म्हणून सोडून देता येईल. इंजिनात हवा धरली असेल. यूसुफभाईंनी दुसऱ्याच कोणा बाईला बघितलं असेल, मग ती बाई कोण आणि तिने आबांना नदीतून कोरडं कसं आणलं? तीन गोष्टींची तीन वेगवेगळी उत्तरं काढता येतात, पण ती एकत्र मांडली की माझं मलाच पटत नाही.

आणि एक गोष्ट मी प्रमोदशिवाय कोणाला सांगितलेली नाही. आठवड्याने तो घरी आला होता. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, तू आमराईत होतीस ना? मी पाण्यातून वर आल्यावर तिकडे येऊन गेलो. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू नव्हतीस."

मी म्हटलं, होते, भिंतीला टेकून बसले होते. तो म्हणाला, असशील, मी घाबरलेला होतो, दिसली नसशील. मग खाली बघत म्हणाला, की फाटकाशी भेटलो तेव्हा मी आधी तुझी सलवार बघितली होती. कोरडी होती.

कोरडी असणारच. पण आबांचं धोतरही कोरडंच होतं.

मी तिथेच बसले होते. मनगटावर काट्यांचे ओरखडे होते. पण किती वेळ बसले, तेव्हा काय करत होते, हे मला आठवत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. खरंच आठवत नाही.

परवा पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आली — गिरणा धरणातून पुढचं आवर्तन या आठवड्यात सुटणार. आमचं घर नदीपासून सात-आठ किलोमीटर आत, तिसऱ्या मजल्यावर आहे. काही होणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मी तीन दिवसांची रजा टाकली. प्रमोदला फोन करून सांगितलं, मी तिन्ही दिवस आबांजवळून हलणार नाही, तू दुकान सोडून येऊ नकोस.

तो म्हणाला, "येतो मी. आबांजवळ तू बैस. मी तुझ्याजवळ बसतो."

मी हो म्हणाले.