पोराची सोडचिठ्ठी

आमच्या सेंट ओडिलियात हिवाळ्यात कुणाच्या तळघरातली घर गरम ठेवणारी भट्टी विझली की लोक एकच नाव घेतात, अँब्रोझ थीलन. उन्हाळ्यात गावची बेसबॉल टीम हरली तरी तेच नाव घेतात. फक्त सूर निराळा असतो.

अँब्रोझ माझ्या थोरल्या बहिणीचा, व्हरीनाचा नवरा. भट्ट्या दुरुस्त करणं हे त्याचं पोटापाण्याचं काम आणि टीमचा मॅनेजर असणं हे त्यानं स्वतःहून गळ्यात बांधून घेतलेलं लोढणं. वीसेक वर्षं तो ते ओढतोय. मी त्याचा मदतनीस. सामन्यात पहिल्या बेसपाशी उभं राहायचं आणि पळणाऱ्याला पळ किंवा थांब म्हणायचं, एवढंच माझं काम. मी थांब म्हटलं की तो पलीकडून पळ म्हणून ओरडतो, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात आम्ही राज्य स्पर्धेत बऱ्यापैकी वर गेलो होतो. शेवटच्या सामन्यात चेंडू टाकायला होता ज्यूड, अँब्रोझचा एकुलता एक मुलगा. डावखुरा पोरगा, चेंडू असा वळवायचा की समोरच्यानं बॅट फिरवून मान खाली घालून परत जावं. अँब्रोझनं त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत टाकायला लावलं. नेहमीचे नऊ डाव झाले, बरोबरी झाली, दहाव्यातही तोच. दहाव्यात चेंडू कुंपणापलीकडे गेला आणि आम्ही घरी आलो. अँब्रोझ गावभर सांगत सुटला, "हरलो ते सोडा, पण पोरानं खिंड लढवली!"

ऑक्टोबरात ज्यूडचं लग्न झालं. मुलगी मारियनथालची, ॲनिका ब्लोनिगन. मारियनथाल म्हणजे शेजारचं गाव आणि बेसबॉलमधलं आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. तरी लग्नात अँब्रोझ पोल्का नाचला, व्याह्यांबरोबर बिअर प्याला. सून नर्स, स्वभावानं लाघवी. जोडपं मारियनथालला राहायला गेलं, त्यालाही तो काही म्हणाला नाही.

मग बर्फ पडायला लागलं आणि एकेक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गळायला लागला. दुसऱ्या नंबरचा पोरगा डाकोटात तेलविहिरीवर नोकरी लागली म्हणून निघून गेला. तिसरा आमच्या शाळेतला गणिताचा मास्तर. त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, फळ्यावर वरच्या ओळीतसुद्धा लिहायचं नाही. अँब्रोझ म्हणाला, "जाऊ दे. ज्यूड आहे ना."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सगळे व्हरीनाकडे जेवायला होतो. ॲनिकाची दवाखान्यात ड्यूटी होती, म्हणून ज्यूड एकटाच आला होता. डुकराचं मटण, आंबट कोबी, शेवया, नेहमीचा बेत. ज्यूड बराच वेळ शेवया इकडून तिकडे करत बसला होता.

"बाबा, एक सही हवी होती."

"कशावर?"

"सोडचिठ्ठीवर."

व्हरीनाचा हात वाढता वाढता तसाच राहिला. "अरे देवा! ज्यूड! तीन महिने नाही झाले लग्नाला!"

"आई, ॲनिकाची नाही गं. टीमची. मला यंदा मारियनथालकडून खेळायचंय."

व्हरीनानं सुटकेचा श्वास टाकला. अँब्रोझनं काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "त्यापेक्षा बायकोशी बिनसलं असतं तरी मी समजून घेतलं असतं."

"अँब्रोझ!" व्हरीना ओरडली.

"का जायचंय पण तुला? कारण सांग."

"घराजवळ पडतं."

"मग आमचं मैदान काय चंद्रावर आहे? गाडीत ठेवलेली कॉफी गार व्हायच्या आत पोचतोस!"

ज्यूडनं खांदे उडवले. व्हरीनानं शेवटी गोड वाढलं तेही खाल्लं नाही, कोट घालून निघून गेला.

आमच्या लीगचा नियम असा की जुन्या मॅनेजरची सही असल्याशिवाय खेळाडूला दुसऱ्या गावाकडून उतरता येत नाही. मार्चअखेर सही झाली नाही तर वर्ष फुकट. अँब्रोझनं तो कागद फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवला आणि शपथ घेतल्यासारखा त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं.

गावाला आयतंच खाद्य मिळालं. गुत्त्यात गेलं की कुणीतरी टोमणा मारायचंच. "काय अँब्रोझ, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ?" दुसरा म्हणायचा, "ज्याला घरचा पोरगा टिकवता येईना, तो टीम काय टिकवणार!" अँब्रोझ ग्लास अर्धा टाकून उठायचा आणि बाहेर येऊन माझ्यावर डाफरायचा, जणू मीच बोललो होतो.

आणि मग त्यानं पिचर शोधायला सुरुवात केली. जिथे भट्टी दुरुस्त करायला जाईल तिथे तळघरातून वर हाक मारायचा, "घरात कुणी चेंडू टाकणारं आहे का?" एका म्हातारीनं वरून उत्तर दिलं, "मांजर आहे, ते भांडी टाकतं. आधी भट्टी पेटव, माझे पाय बर्फ झालेत!"

एका शनिवारी मला घेऊन तो गोठलेल्या तळ्यावर गेला. तिथे क्लेटस बर्फाला भोक पाडून झोपडीत मासे धरत बसला होता. क्लेटस शाळेची बस चालवतो. चाळिशी उलटून गेलेली. चार वर्षांपूर्वी त्यानं आमच्यासाठी चेंडू टाकणं सोडून बूट खुंटीला टांगले होते.

"क्लेटस, हात कसा आहे?" अँब्रोझनं दारातूनच विचारलं.

"मासा ओढण्यापुरता आहे. दार लाव, थंडी येतेय."

"यंदा टाकशील का?"

"अँब्रोझ, मला वाकून मोजे घालता येत नाहीत."

"मोजे बायको घालेल. तू चेंडू टाक."

तासभर घासाघीस झाली. शेवटी मासा गळाला लागला नाही, पण क्लेटस लागला. त्यानंतर शेरीफच्या कचेरीतला डेप्युटी वॉरन मिळाला. ताडमाड, खांदे रेड्यासारखे. शाळेच्या जिममध्ये त्याची चाचणी घेतली. चेंडूला वेग असा की समोर चेंडू झेलणारा कॅचर हात झटकत बसला. पण दिशा सगळी देवाच्या हवाली. चौथा चेंडू भिंतीवरच्या घड्याळात गेला. अँब्रोझ कपाळाला हात लावून म्हणाला, "असू दे. समोरचे भितील तरी."

घरी वेगळंच चाललं होतं. ज्यूडनं रविवारी जेवायला यायचं बंद केलं होतं. फेब्रुवारी संपता संपता व्हरीनाचा बांध फुटला.

"सही करतोयस की नाही?"

"नाही."

"ठीक आहे. मग रविवारचा स्वयंपाक बंद."

मला वाटलं, बोलली असेल रागात. पण पुढच्या रविवारी चर्चमधून निघाली ती सरळ मारियनथालला, सुनेकडे जेवायला. अँब्रोझ डब्यातलं सूप गरम करून प्याला. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तो माझ्याकडे आला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "सहज आलो होतो." ताट वाढल्यावर तीन वेळा घेतलं.

मार्चच्या मध्याला परत कडाक्याची थंडी पडली आणि ज्यूडच्या घरची भट्टी बसली. फोन ॲनिकानं केला. तिला बिचारीला अवघडल्यासारखं झालं होतं. "रागावू नका, पण घरात पाइप गोठायला लागलेत." अँब्रोझनं हत्यारांची पेटी उचलली, मला म्हणाला, "चल, बॅटरी धरायला," आणि वाटेत चकार शब्द बोलला नाही.

तळघरात आम्ही तिघंच. अँब्रोझ पालथा पडून भट्टीच्या आत डोकं घातलेला, मी बॅटरी धरलेली, ज्यूड पेटीपाशी.

"पाना दे. मोठा."

ज्यूडनं दिला. थोड्या वेळानं, "पकड दे." तीही दिली. अँब्रोझ तसाच पडल्या पडल्या थांबला. मान वळवून त्यानं मुलाकडे पाहिलं.

"उजव्या हातानं का देतोयस?"

"असंच."

"पेटी तुझ्या डाव्या बाजूला आहे. तू डावखुरा आहेस. आणि हात अंगावरून फिरवून उजव्यानं देतोयस."

ज्यूडनं डावा हात खिशात घातला.

"दुखतोय?"

"थोडा."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून. कोपराशी."

अँब्रोझ उठून बसला. नाकाला काजळी लागलेली. "गाढवा, मग तेव्हाच बोलायचं नाही? मी काढलं असतं ना तुला!"

"बोललो होतो, बाबा. सातव्या डावानंतर. म्हटलं, हात जड झालाय."

"जड! जड म्हणजे काय दुखणं झालं?"

"आपल्या घरात होतं." ज्यूडचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आजोबांना हार्ट अटॅक आला तेव्हा ते काय म्हणाले होते? 'छाती जरा जड वाटतेय.' एवढंच म्हणाले आणि गाईंच्या धारा काढायला गेले. मी 'जड' म्हटलं याच्यापेक्षा जास्त थीलनांमध्ये कुणी कधी बोललंय का?"

अँब्रोझनं हातातली पकड उघडली, मिटली.

"बरं, पण मग तिकडे जाऊन काय होणार? हात काय मारियनथालला गेल्यावर बरा होणार आहे?"

"दवाखान्यात दाखवलाय. विश्रांती झाली. आता थोडं थोडं टाकलं तर चालेल म्हणालेत. थोडं थोडं. तिकडचा मॅनेजर परका आहे, बाबा. त्याला मी 'बास' म्हणू शकतो. तुम्हाला नाही म्हणता येत मला. पुन्हा या वर्षी दहावा डाव आला असता, तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतंत, आणि मी टाकत राहिलो असतो."

"म्हणजे मी काय राक्षस आहे?"

"नाही. तुमच्याकडे दुसरा कुणी नव्हता."

अँब्रोझ पुन्हा पालथा पडला. थोड्या वेळानं भट्टी पेटली, पंख्याचा आवाज सुरू झाला. ॲनिकानं वरून कॉफीला बोलावलं. तो थांबला नाही.

परतताना गाडीत मात्र त्याला कंठ फुटला. "ऐकलंस? जड म्हणे! शब्द नाहीत का भाषेत? दुखतंय म्हणायला काय जीभ झिजते?" मग रस्ता संपेपर्यंत तो ज्यूडच्या जुन्या कॉलेजच्या कोचवर, डाकोटाच्या तेलविहिरींवर, मास्तरच्या खांद्यावर, सगळ्यांवर तोंडसुख घेत होता. स्वतःचं नाव तेवढं घेतलं नाही. पण घराच्या वळणावर गाडी थांबवून म्हणाला, "नॉर्बर्ट, त्याचा चेंडू सातव्यानंतर खाली पडायला लागला होता. मी पाहत होतो. मला वाटलं, दमलाय." आणि पुन्हा गाडी सुरू केली.

सही त्यानं केली ती मोठ्या मनानं वगैरे नाही. चडफडत केली. महिना संपायच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात येऊन कागद काउंटरवर आपटला. पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता. "नेऊन दे त्याला. आणि सांग, आमच्याविरुद्ध जिंकलास तर घरात घेणार नाही."

पुढच्या रविवारी व्हरीनानं मटण भाजलं. ज्यूड आणि ॲनिका आले. बेसबॉलचा विषय कुणी काढला नाही. हवामानावर एवढं बोलणं मी कधी ऐकलं नाही.

जूनमध्ये मारियनथाल आमच्या मैदानावर खेळायला आलं. अख्खं गाव लोटलं होतं. व्हरीना कुठल्याच बाजूला बसली नाही, बरोबर मधोमध जाळीमागे बसली. ज्यूड चेंडू टाकायला उतरला आणि आमच्या पोरांना काही सुचू देईना. चार डाव झाले, आमचा एकही माणूस घरच्या बेसवर परतला नाही, म्हणजे धाव शून्य. चौथा संपल्यावर त्यानं आपल्या मॅनेजरकडे पाहून हात वर केला. बास. मॅनेजरनं मान हलवली आणि दुसरा पिचर हात गरम करायला गेला.

अँब्रोझ बाकावरून उठला. "एवढ्यात? चारच? अरे, अजून ताजा आहे तो!" मग आपणच काय बोललो ते लक्षात आलं असावं. खाली बसला आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

ज्यूड गेल्यावर आमच्या बॅटी चालायला लागल्या. सातव्या डावात आम्ही एका धावेनं पुढे होतो. क्लेटस टाकत होता, घामानं निथळत, पण नेमका. आठव्याच्या सुरुवातीला अँब्रोझ उठला आणि मैदानात चालत गेला.

"हात कसा आहे?"

"बरा आहे," क्लेटस म्हणाला.

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा!"

"दे चेंडू."

"अरे, बरा आहे म्हणतोय ना मी!"

"म्हणूनच दे."

क्लेटस चेंडू त्याच्या हातात आदळून पाय आपटत बाहेर आला. आत आला वॉरन. वेग भन्नाट. पण पहिल्याला चार चेंडू लांब, दुसऱ्याला चार लांब, तिसऱ्याच्या बरगडीत, आणि अशा प्रत्येकाला बेस फुकट. एकही बॅट न फिरवता त्यांचे तीन बेस भरले. मग एकानं बॅट फिरवली आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला, एका फटक्यात चार धावा. आम्ही तीन धावांनी हरलो.

प्रेक्षकांतून काय काय ओरडलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अँब्रोझ बॅटी गोळा करत होता तेव्हा ज्यूड मैदान ओलांडून आला. मला वाटलं, काहीतरी गोड बोलणं होणार.

"बाबा, क्लेटसला का काढलंत? चांगला टाकत होता की."

अँब्रोझ त्याच्याकडे बघतच राहिला. चेहरा आधी लाल झाला, मग त्याहून लाल. "तू," तो म्हणाला, "तू गप्प बस."

ज्यूडला हसू आलं. त्यानं वाकून बॅटींच्या पिशवीचं एक टोक उजव्या हातात धरलं. दुसरं अँब्रोझनं. दोघं ती उचलून गाडीपर्यंत गेले.

त्या वर्षी आम्ही राज्य स्पर्धेला गेलो नाही. क्लेटस महिनाभर अँब्रोझशी बोलला नाही. हात खरंच बरा होता, आणखी दोन डाव सहज निघाले असते, हे तो बसमधल्या पोरांना अजून सांगतो. ज्यूड ऑगस्टपर्यंत टाकत राहिला, थोडं थोडं.

नोव्हेंबरात पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी अँब्रोझचा फोन आला. "नॉर्बर्ट, तुझ्या ओळखीत कुणी डावखुरा आहे का?"

"आहे एक," मी म्हटलं. "पण मारियनथालला असतो."

त्यानं फोन आपटला.