कॅमेऱ्याचा भाव करताना मी जे बोललो

सुलतान बाजारातल्या एका कॅमेरेवाल्याने माझ्या अक्काला फसवलं. पैसे माझे होते, दुकानात मी उभा होतो, भावही मीच केला. पण फसली ती अक्का, आणि ती त्या वेळी मलकपेठेत आपल्या घरी भाजी निवडत बसली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट ऐकणारे मला अर्ध्यावर थांबवतात आणि म्हणतात, "म्हणजे चूक तुमचीच की!" पूर्ण ऐका, मग बोला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वडील गेल्यावर आमचं घर तिच्या शिलाई मशीनवर चाललं. मलकपेठेतल्या दोन खोल्यांत तिने जवळजवळ चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. माझी आयटीआयची फी त्यातूनच गेली, आणि मी कामाला लागलो तेव्हा पान्यांचा पहिला संचही तिनेच घेऊन दिला. आज कुकटपल्लीत माझी स्वतःची शेड आहे. कारखान्यांतल्या जळालेल्या विजेच्या मोटारी विकत घ्यायच्या, नव्याने वाइंडिंग करायचं आणि विकायच्या, हा माझा धंदा. लोक कौतुकाने म्हणतात, हा गडी कुणाच्या मदतीशिवाय वर आला. मी ते ऐकून घेतो आणि घरी आलो की अक्काला फोन करतो.

तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तिने मशीनवर चादर टाकली. रडली-बिडली नाही. पण एकदा जेवताना म्हणाली, "एवढे ब्लाउज शिवले रे मी, पण माझ्याकडे एक पण नाही. सगळं लोकांच्या कपाटात."

त्यातून तिला कल्पना सुचली. जुन्या गिऱ्हाइकांना सांगायचं, माझ्या हातचा एखादा ब्लाउज घरात असेल तर दाखवायला आणा. आल्या की चहा द्यायचा, ब्लाउजचा फोटो काढायचा आणि वहीत चिकटवायचा. शेजारी लिहायचं, गळा कसा कापला, पायपिंग कसं बसवलं, बाहीला चुण्या किती. बायका खरंच यायला लागल्या. लग्नातले ब्लाउज, डोहाळजेवणातले, काहींचे तर आता अंगात चढतही नव्हते.

फोन होताच, पण तिच्या बोटाला तो जमेना. एकदा टेकवायला जावं तर तीनदा टेकायचं, आणि फोटो निघण्याऐवजी कुणाला तरी कॉल लागायचा. म्हणून मी ठरवलं, हिला खरं बटण असलेला छोटा डिजिटल कॅमेरा आणायचा. जरीवर फ्लॅश पडला की नुसता पांढरा डाग येतो, म्हणजे फ्लॅश बंद ठेवायचा, ट्यूबलाइटच्या उजेडात, जवळून फोटो काढायचा. अशा वेळी कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात हात हलला की सगळं पुसट होतं. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय, म्हणजे स्टॅबिलायझेशन, उन्हात उभं राहून फोटो काढणाऱ्याला नसली तरी चालेल. अक्काला ते हवंच होतं. हे मी चार लोकांना विचारून, पक्कं करून दुकानात गेलो होतो. अडाण्यासारखा गेलो नव्हतो.

दुकानदाराने दोन कॅमेरे काचेवर ठेवले. दिसायला जुळे भाऊ. महागाच्या कॅमेऱ्याला हात लावून म्हणाला, "इसमें स्टॅबिलायझेशन है, साब. हात हिला तो भी फोटो नै हिलता."

आता माझी सवय सांगतो. जी वस्तू हवी असते, तिलाच मी नावं ठेवतो. चांगली मोटार दिसली की आधी म्हणतो, बेअरिंग गेलंय, तांबं हलकं आहे, हिला कोण विचारतो? समोरच्यालाही ते ठाऊक असतं. तो हसतो, चार शपथा घेतो, थोडा खाली येतो. या बाजारात आम्ही सगळे असंच बोलतो, आणि माल मात्र ज्याच्यावर बोट ठेवलं तोच बांधला जातो.

तेव्हा मी म्हणालो, "ये हिलने-बिलने का कायकू होना मेरेकू? मेरा हात पत्थर है. फुकट का खर्चा है ये. भाव बोलो सीधा."

अर्धा तास चालली घासाघीस. मी दोनदा उठून रस्त्यापर्यंत गेलो, त्याने दोनदा हाक मारली. शेवटी तो माझ्या भावावर आला. "ठीक है, साब, आपकी बात रखता," असं म्हणून आत गेला आणि बंद डबा घेऊन आला. डब्यावर थरथरत्या हाताचं चित्र होतं, म्हणून मी निर्धास्त झालो. बिल न वाचता खिशात घातलं आणि मोसंबीचा रस पिऊन, जग जिंकल्यासारखा मलकपेठेला गेलो.

त्यानंतर आठ महिने मी विचारायचो, "कॅमेरा कसा आहे गं?" ती म्हणायची, "छान आहे रे." मी घेऊन दिलेल्या वस्तूला ती नाव कशी ठेवील?

एका रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तेवढ्यात तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची सून आली. मुलगी पुण्याची, कुकटपल्लीत एका कंपनीत नोकरीला. सासूबाईंचा जांभळा ब्लाउज घेऊन आली होती. अक्काने चहा केला, ब्लाउज उलटून शिवण बघितली, परत घडी घातली.

"फोटो काढ ना," मी म्हणालो.

"नक्को आता."

"का नक्को? वही कुठाय?"

कपाटातून वही आणली तर सहाव्या पानानंतर कोरी. त्या सहा पानांवरही धुकं. कुठला गळा, कुठली बाही, काही समजत नव्हतं. अक्का हळूच म्हणाली, "कॅमेऱ्याला काही बोलू नको. हातच गेलाय माझा. शिवणं गेलं तसं हेही गेलं."

मी आयुष्यात पुष्कळांवर ओरडलोय. त्या वेळी मात्र नुसती ती सहा पानं पुन्हा पुन्हा उलटत राहिलो.

त्या मुलीने कॅमेरा हातात घेऊन फिरवून बघितला. म्हणाली, "काका, हे साधं मॉडेल आहे. यात स्टॅबिलायझेशन फक्त नावाला आहे, फोटो दाणेदार करून वेळ मारून नेतं. माझ्याकडे याच्यासारखाच दिसणारा आहे, त्यात भिंगच हाताच्या उलट सरकतं. थांबा." तिच्या पिशवीत तो होताच. तिने तो अक्काच्या हातात दिला. "काकू, कोपरं टेबलावर टेकवा. श्वास सोडा. आता दाबा."

अक्काने दाबलं. पडद्यावर जांभळ्या कापडाचा एकेक टाका वेगळा दिसत होता. एका कडेला जरा पुसट होतं, खोटं कशाला सांगू. अक्का चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघ, इथे एक टाका चुकलाय माझा," आणि हसायलाच लागली.

त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. तिने तो कॅमेरा तसाच ठेवून घ्यायला लावला. म्हणाली, तुमचा नवा येईपर्यंत राहू द्या. परकी पोर, पण माझ्याहून शहाणी निघाली, कारण तिने आधी अक्काच्या हाताकडे पाहिलं. मी पाहिलं होतं ते भावाकडे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात. डबा काचेवर आपटला. शेजारच्या साडीवाल्याचे नोकर बाहेर येऊन बघू लागले.

दुकानदार शांत. "साब, आपइच बोले नै? हिलने का नै होना, हात पत्थर है. मैं वइच दिया."

"अरे, ते भाव करायला बोललो!"

"मेरेकू क्या मालूम, साब?"

हेच मला सहन झालं नाही. त्याला मालूम होतं. तीस वर्षं काचेमागे बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक कधी खरं बोलतं आणि कधी भाव पाडायला बोलतं, हे कळत नाही? कळतं. "साब, इस भाव में वो नै आता, ये आता," एवढं एक वाक्य त्याने म्हणायला हवं होतं. मी शिव्या दिल्या असत्या, आणि मग वरचे पैसे काढून दिले असते. त्याने माझ्या शब्दांचा आडोसा घेतला आणि आतून दुसरा डबा आणला.

बघे वाढले तसा शेवटी त्याने कॅमेरा बदलून दिला. वरचा फरक मी मोजला, पहिल्यांदाच एका शब्दानेही घासाघीस न करता. अक्काला तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, माझं बोलणंसुद्धा लपवलं नाही. ती म्हणाली, "येड्या, भाव करायला लागलास की तुझ्या तोंडाला कुलूप नसतं." आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. असं माणूस मला थोरली बहीण म्हणून मिळालं, याबद्दल मी कुणाचे आभार मानू ते मला कळत नाही.

वही आता भरत आली आहे. पण त्या आठ महिन्यांत नऊ बायका येऊन गेल्या. अक्काने मला बोटांवर मोजून सांगितलं. त्यांतल्या एकीचा हिरव्या खणाचा ब्लाउज होता, पाठीवर हाताने भरलेला मोर. अक्काच्या मते तिच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. ती बाई मुलाकडे परदेशी गेली, ब्लाउजही गेला.

म्हणून मी अजून महिन्यातून एकदा त्या दुकानात जातो. पैसे मागत नाही, कॅमेरा मागत नाही. मी काय मागतो, ते त्याला पाठ झालंय, इथे पुन्हा लिहितो. मलकपेठ काही लांब नाही, रिक्षाचं भाडं मी देईन. तुम्ही अक्काच्या घरी या, माझ्या बहिणीसमोर बसा, आणि ती तिच्याच हाताला दोष देत राहिली त्या आठ महिन्यांचं उत्तर तुमच्या तोंडाने तिला द्या. केव्हा येता, बोला.