व्हिएतनामी कॉफी आणि हमदुल्लाभाईंची गिऱ्हाइकं

१९९७ साली शारजात, रोल्ला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीने मला व्हिएतनामी कॉफीचा जाणकार म्हणून नेमलं. मी पुण्याचा. कॉफी म्हणजे जायफळ घालून उकळलेलं दूध, तेही पाहुणे आले तर, एवढीच माझी समज. पण मुलाखतीत मॅनेजरने "कॉफीतलं कळतं ना?" असं विचारलं आणि मी "अर्थात!" म्हणून मोकळा झालो. प्रोबेशन तीन महिन्यांचं होतं. पर्मनंट झालो तरच फॅमिली व्हिसा मिळणार होता आणि माझी बायको मृणालिनी तिकडे माहेरी बसून दिवस मोजत होती. मग काय, झालो जाणकार.

काम असं की गाडीत कॉफीची पाकिटं आणि पत्र्याचे छोटे फिल्टर टाकायचे, उम्म अल कुवैनपासून फुजैरापर्यंत दिसेल त्या कॅफेटेरियात थांबायचं, कॉफी करून दाखवायची आणि मालकाबरोबर स्वतःही प्यायची. पेल्याच्या तळाशी डब्यातलं गोड घट्ट दूध, वर फिल्टर, त्यात गरम पाणी. कॉफी थेंब थेंब उतरायला पाच-सहा मिनिटं लागत. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात आठ पेले गेलेले असत. छाती धडधडायची, हात थरथरायचे आणि मी कापऱ्या आवाजात म्हणायचो, "बॉडी बघा, बॉडी!" हा शब्द माहितीपत्रकात होता. त्याचा अर्थ मला आजही ठाऊक नाही.

ऑर्डर कुणी देईना. त्याचं कारण मी सोडून सगळ्यांना दिसत होतं. तिकडे गिऱ्हाईक गाडीतून उतरतच नाही. दारासमोर गाडी लावायची, हॉर्न मारायचा, की चहा काचेपाशी हजर. थेंब मोजत बसायला कुणाला वेळ होता?

हमदुल्लाभाई मुकादम मला तिसऱ्या आठवड्यात भेटले. मूळचे रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे, ठेंगणे. उम्म अल कुवैनला एका अरबाचा कॅफेटेरिया चालवायचे. मी मराठी बोलतोय म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि मी ताबडतोब व्याख्यान सुरू केलं. मध्येच बाहेर हॉर्न वाजला. मान न वळवता ते आत ओरडले, "दोन कडक, एक बिनसाखर!" मग मला म्हणाले, "निळी पिकअप. जाळीवाले." बाहेर बघतो तर खरंच निळी पिकअप, मागे मासेमारीची जाळी. पन्नासेक गाड्या ते नुसत्या हॉर्नवरून ओळखत. कोण किती वाजता येणार, हेही त्यांना पाठ.

"दत्ताभाऊ, कॉफी फर्स्टक्लास आहे," माझं संपल्यावर ते म्हणाले. "पण तुम्ही गिऱ्हाइकाला थांबवताय. थांबायचं आपण. जाळीवाला सव्वाचारला येतो ना? चार दहाला फिल्टर लावायचा. हॉर्न वाजला की पेला रेडी. खलास!"

मला रागच आला. शिकवायला मी आलो होतो. "व्हिएतनाममध्ये असं करत नाहीत," मी म्हणालो, जसं काही माझं आजोळच सायगावला होतं. त्यांनी वाद घातला नाही. चार फिल्टर तेवढे ठेवून घेतले.

पंधरा दिवसांनी गेलो तर त्यांनी कंपनीतून आणखी दहा मागवले होते आणि फळीवर चौदा फिल्टर ओळीने ठिबकत होते. एखादा ठरल्या वेळी आला नाही तर त्याचा पेला हमदुल्लाभाई स्वतः पीत आणि तो आजारी तर नाही ना, याची चार जणांकडे चौकशी करत. मी ही युक्ती सगळ्या रस्त्याला शिकवली. ऑर्डरी येऊ लागल्या. रिपोर्टमध्ये मी तिला 'माझी पद्धत' असं लिहिलं. हमदुल्लाभाईंचं नाव लिहायला कागदावर जागा उरली नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

दर फेरीत मात्र मी त्यांच्यापाशी रडगाणं गायचो. लग्नाच्या दाखल्यावर शिक्का नाही, टायपिंगवाल्याने व्हिसाच्या अर्जात नाव चुकवलं, तीन महिने झाले बायकोचं तोंड पाहिलेलं नाही. ते पेले पुसत ऐकायचे. "होईल, इन्शाल्ला."

झालं. मी पर्मनंट झालो, मृणालिनी आली. पहिल्याच शुक्रवारी मी तिला माझा पराक्रम दाखवायला उम्म अल कुवैनला नेलं. हॉर्न मारला. हमदुल्लाभाई स्वतः पेले घेऊन आले, पण काचेपाशी घुटमळले.

"वहिनी, विमानात भीती वाटली का?"

"उडताना थोडी वाटली," मृणालिनी म्हणाली. "का हो?"

"आमची घरवाली, खैरुन्निसा, विचारते. मी दर दोन वर्षांनी जातो-येतो, पण ती म्हणते, पुरुषांचं नको सांगू, बाईमाणसाला कसं वाटतं ते सांग."

"मग त्या कधी येताहेत इकडे?"

"आमच्या व्हिसावर फॅमिली येत नाही, वहिनी. एकवीस वर्षं झाली."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिन्यांच्या विरहाची कहाणी मी या माणसाला दर फेरीत ऐकवली होती आणि त्याच्या घरी कोण असतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मृणालिनी दार उघडून खाली उतरली. पट्टा कसा बांधतात, कानात दडे कसे बसतात, पोटात कसा गोळा येतो, ढग खाली राहिले तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईचा हात आपण कसा घट्ट धरला, ती भराभर सांगू लागली.

"जरा सावकाश, वहिनी," हमदुल्लाभाई म्हणाले. "आज फोनचा दिवस आहे. तिला असंच्या असं सांगायचंय."