बुडबुडे कोणाचे?

प्राध्यापक शिवलिंग हत्तुरे सरांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते महाविद्यालयाच्या मागच्या नळावर मेंढीचे पोट धूत होते. प्रवेशाच्या अर्जावर त्यांची सही हवी होती आणि शिपायाने "मागं हायत की" म्हणून बोट दाखवले होते. सरांनी आधी पोटाच्या आतल्या बाजूला चिकटलेले, केसासारखे बारीक तांबूस जंत मला दाखवले आणि किळस येते का, असे विचारले. आमच्या घरी मेंढरे आहेत, असे मी म्हणाले. मग जबड्याखाली पाणी उतरलेली मेंढी पाहिली असेल, असे ते म्हणाले. पाहिली होती. मंगळवेढ्याकडच्या आमच्या रानात तशी मेंढी दिसली की माझे वडील तिच्याकडे बघायचेच सोडत. हेच जंत रक्त पिऊन मेंढीला पांढरीफटक करतात आणि त्यातून ते पाणी उतरते, हे मला त्या नळावर कळले. सही नंतर मिळाली.

सरांच्या षष्ट्यब्दीच्या या ग्रंथात मी लिहावे की नाही, याची मला काळजी वाटत होती आणि अजून वाटते. माझा प्रबंध परीक्षकांकडे आहे, आणि अशा वेळी मार्गदर्शकांची स्तुती बरी दिसत नाही. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगते.

सरांच्या कामाचा प्रश्न साधा आहे. मेंढीचे शरीर जंताला मुकाट्याने पोसत नाही. भोवतालच्या पेशी त्याच्यावर जहाल द्रव्ये सोडतात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असते. जखमेवर ओतल्यावर फसफसते तेच. इतक्या माऱ्यात एवढासा जीव तग कसा धरतो? सरांचे म्हणणे असे की, ते विष फोडून त्याचे पाणी आणि प्राणवायू करणारे एखादे प्रथिन जंताजवळ असले पाहिजे. ते ओळखता आले तर जंताची ढाल काढून घेणारे औषध कधीतरी शोधता येईल. जंत खलात वाटून त्याच्या रसावर पेरॉक्साइड टाकले की बुडबुडे येत. ते किती वेगाने येतात हे मी मोजत असे. माझा सगळा प्रबंध त्या बुडबुड्यांवर उभा होता.

आमच्या प्रयोगशाळेत शनिवारी दुपारी 'खोडणी' असते. सर आपला निष्कर्ष फळ्यावर लिहितात आणि विद्यार्थ्याने तो खोडून दाखवायचा. खोडता आला नाही तर चहा विद्यार्थ्याने करायचा, खोडता आला तर सरांनी. सरांच्या हातचा चहा इतका वाईट असतो की खोडणाऱ्यालाच शिक्षा होते, असे जुने विद्यार्थी म्हणतात.

अशाच एका शनिवारी मला काही सुचत नव्हते. गप्प बसायला नको म्हणून विचारले, की या जंताच्या पोटात तर मेंढीचेच रक्त भरलेले असते. रक्तावरही पेरॉक्साइड फसफसते. मग आपण मोजतो ते बुडबुडे कोणाचे?

सर फळ्याकडे वळले. "नोडोण," ते पुटपुटले. ते मूळचे अक्कलकोटकडचे. मन गुंतले की कानडी येते. बघू या, असा त्याचा अर्थ. मेंढीच्या रक्ताचा एक थेंब पाण्यात घालून आम्ही तपासला. तो जंताच्या रसाहून जोरात फसफसला. सरांनी फळा स्वतः पुसला, परिषदेत वाचायचा निबंध मागे घेत असल्याचे त्याच दुपारी कळवले, आणि मग चहा केला.

मी तो कपात तसाच ठेवला. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आता दुसरी पदवी कशाला, असे घरी कोणी रागाने विचारत नव्हते, म्हणूनच उत्तर देणे अवघड होते. टेंभुर्णीचे स्थळ सांगून आले होते आणि वडिलांनी मला अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिली होती. काम पहिल्यापासून करायचे तर ती पुरणार नव्हती.

मी हे सरांना सांगितले नव्हते. त्यांनीच खोदून विचारले, आणि पुढच्या रविवारी माझ्याबरोबर एस.टी.ने आमच्या घरी आले.

वडिलांनी पाणी दिले आणि सरळ विचारले, "पोरगी चुकली व्हय, मास्तर?"

सर म्हणाले, "चूक माझी. तिनं पकडली."

"मग तुमची चूक तिनं कशापायी भोगायची?"

"म्हणून तर आलो. आणखी काही महिने द्या."

वडिलांनी तंबाखू मळायला घेतली. वाड्यातली मेंढरे बें बें करीत होती. "येवढं सांगा," ते म्हणाले, "ह्यातनं माजी मेंढरं जगतील का?"

सरांनी हो म्हणावे म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्या एका शब्दावर माझे पुढचे सगळे अवलंबून होते.

"तुमची नाही जगणार हो," सर म्हणाले. "औषध निघालंच तर फार पुढं निघेल. खोटं सांगून मुलगी मागायला आलो नाही मी."

वडिलांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग आईला म्हणाले, "भाकरी टाक गं. हितं औषध इकाय येणारा परत्येक जण व्हय म्हणतो. न्हाय म्हणणारा ह्यो पैलाच मास्तर." आणि माझ्याकडे न बघता, "दिवाळीपतूर थांबतो. टेंभुर्णीला मी सांगतो काय सांगायचं ते."

परतताना एस.टी.त सरांनी मला विचारले, की रक्त कधी प्यालाच नाही असा जंत कुठे मिळेल? उत्तर आमच्याच वाड्यात पडलेले होते. जंताची अंडी मेंढीच्या लेंड्यांतून बाहेर पडतात. लेंड्या ओलसर ठेवल्या की त्यांतून अळ्या निघतात. गवताबरोबर मेंढीच्या पोटात जाईपर्यंत त्यांना रक्ताची चवही ठाऊक नसते. मग वडील एस.टी.बरोबर ताज्या लेंड्यांची पिशवी पाठवू लागले. "ताई, शिकाय आलाय का शेणखत कराय?" असे कंडक्टर दरवेळी विचारी.

अळ्यांच्या रसावर पहिल्यांदा बुडबुडे आले तेव्हा मी धावत सरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता विचारले, "धुतल्यास?" लेंड्यांतल्या जिवाणूंमुळेही बुडबुडे येतात, हे मी विसरले होते. पुन्हा धुतल्या, पुन्हा तपासल्या. शेवटी धुण्याचे पाणी शांत राहिले आणि अळ्यांच्या रसात बुडबुडे आले. थोडे, सावकाश, पण त्यांचे स्वतःचे. प्रबंधात मी 'सिद्ध झाले' असे लिहिले होते. सरांनी ते खोडून 'दिसते' असे केले.

प्रबंध जाऊन बरेच दिवस झाले. दिवाळी जवळ येत आहे आणि परीक्षकांचा अभिप्राय आलेला नाही. "वाचत असतील," असे सर म्हणतात. ते मला धीर देण्यासाठी म्हणतात का, असा विचार मनात येतो. मग वाटते, ज्यांनी माझ्या वडिलांना खोटा धीर दिला नाही, ते मला कशाला देतील? सध्या मी याच एका आधारावर आहे. सर आता निवृत्त होतील, जिने चढताना त्यांना धाप लागते, आणि आमच्या खोलीत कपाटे ठेवणार असल्याचे कानावर येते. या सगळ्याचीच मला भीती वाटते.

सत्काराला वडील येणार आहेत. सरांसाठी त्यांनी घरच्या लोकरीचे घोंगडे विणून घेतले आहे. या वर्षी जंतांनी गेलेल्या मेंढ्यांचीही लोकर त्यात आहे. वडील म्हणाले, "मास्तरांस्नी सांगू नगं."

पण खोडणीच्या खोलीत काही लपवायचे नसते, म्हणून इथे लिहून टाकले. मागच्या शनिवारी सर यायच्या आत मी फळ्यावर लिहिले: 'हत्तुरे सर कोणाला खोटा धीर देत नाहीत.' खूप प्रयत्न केला, मला ते खोडता आले नाही. सरांना उत्तम आरोग्य लाभो. ते घोंगडे विरेपर्यंत आणि त्यानंतरचे दुसरेही विरेपर्यंत त्यांनी दर शनिवारी आमच्यासमोर बसावे, खोली कोणतीही असो. अभिप्राय काहीही येवो, दिवाळीनंतरच्या शनिवारी मी येणार आहे. चहा माझ्याकडे लागला.