पेंढा भरलेली वगार

मी गाव सोडलं त्या सकाळी नांदुऱ्याला माझी गाडी चुकता चुकता राहिली, आणि तीही म्हशीपायी. आईला मला घरचं दूध पाजूनच परदेशी धाडायचं होतं. पण म्हशीची वगार महिन्यापूर्वी दगावलेली, त्यामुळे म्हैस पान्हाच सोडेना. शेवटी बाबांनी त्या मेलेल्या वगारीचं पेंढा भरलेलं कातडं आणून तिच्यापुढे ठेवलं. म्हशीनं हुंगलं, चाटलं, आणि बादलीत धार वाजली.

"येडी हाये," बाबा हसले. "भुसा चाटून राह्यली."

"येडी काऊन असन?" आई म्हणाली. "तिले माहीत हाये, लेकरू गेलं म्हणून. पण जीभ जाते तिची. काय करन?"

आता त्याच पान्ह्यावर माझं पोट चालतं. न्यूझीलंडमध्ये पशुवैद्यक शिकणाऱ्या पोरांना मी गायीचा मेंदू शिकवतो. फळ्यावर काढतो तेव्हा तो भरताच्या वांग्यासारखा दिसतो, पण पोरं सभ्य आहेत, हसत नाहीत. सडाला स्पर्श झाला, वासराचा वास आला, की निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतो. पान्हा आणणारं ऑक्सिटोसिन तयार होतं तिथे, साठतं मात्र खाली लोंबणाऱ्या इवल्याशा पिट्युटरी ग्रंथीत. वरून हुकूम आला की ती ते रक्तात सोडते आणि कासेतलं दूध उतरतं. गाय घाबरली किंवा अनोळखी गोठ्यात आणली, की हुकूम अडतो. कास भरलेली असते, दूध उतरत नाही.

हे मी दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी इथे जरा थबकायला होतं. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेक्चर पूर्ण केलं, ट्रॉली ढकलत भाजी आणली, डोळे कोरडे. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलात, त्यांना या अनोळखी गोठ्याबद्दल निराळं सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांना वाटलं असेल, पोरगं दगड झालं.

आईशी रविवारी व्हिडिओ कॉल. ती "जेवला का?" विचारते, मी हो म्हणतो, आणि थोड्या वेळात फोन कट होतो. दर वेळी. वर्षभर मी गावच्या टॉवरला शिव्या घातल्या. शेवटी गावातच दिलेल्या मोठ्या बहिणीला, शोभाताईला म्हटलं, "त्या नेटवर्कचं काही कर."

"नेटवर्क चांगलं हाये बे," ती म्हणाली. "आई तुह्या गालावरून हात फिरवते. लाल बटनाले बोट लागते."

पुढच्या रविवारी मी प्राध्यापकी केली. "आई, काचेला हात लावू नकोस. मी तिथे थोडाच आहे?"

"माहीत हाये मले," आई म्हणाली. "पण हात जाते रे. काय करू?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तळहातानं पडदा काळा झाला आणि फोन कटला. मी स्वयंपाकघरात उभा होतो, हातात पेला, आणि डोळ्यांना धार लागली. कुठला हुकूम अडला होता इतकी वर्षं, आणि कुठून सुटला, हे मला फळ्यावर काढून दाखवता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सुटीचा अर्ज टाकला. मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर घर म्हणजे काचेवरचा पेंढा भरलेला मी आणि तो चुकार हात. फोन कटला की आता मी लगेच परत लावत नाही. थोडा वेळ गाल तसाच पुढे धरून बसतो.